हाक आणि कूलर

आमच्या बाबांना कुजबुजता येत नसे. कानात सांगायची गोष्टही ते अशी सांगत की शेजारच्या अंगणात पापड लाटणाऱ्या बाया लाटणं थांबवून ऐकत. रिठदच्या शिवारात आमचं वावर गावापासून चांगलंच लांब, मधे नाला, पण तिथून बाबांनी कोणाला हाक दिली की ती घरी चुलीपुढे बसलेल्या आईला ऐकू यायची आणि ती तव्यावरची भाकर उलटता उलटता मला म्हणायची, "निघाले पाय तुये बाबा. पाणी काढ." गावात लग्न असलं की पंगतीला माणसं बोलवायचं काम बाबांचं ठरलेलं. मांडवात लाऊडस्पीकर असला तरी लोक म्हणत, वायरी कायले ओढता, यांनाच उभं करा ना. प्रत्येकासाठी त्यांची हाक वेगळी होती. मला बोलावताना 'रेखा'मधला शेवटचा आकार इतका लांबवत की नाल्यावरचे बगळे उडावेत. मोठेबाबांना, म्हणजे शेजारीच राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाला, 'दादा होऽऽ' अशी खालून वर चढत जाणारी. बैलांना, म्हशीला, कुत्र्याला, ज्याची त्याला. हाक नव्हती ती फक्त आईला. तिला ते "अवं" म्हणत, फार तर "आयकलं का वं", आणि चारचौघांत "रेखाची माय". त्यांचं लग्न झालं तेव्हा घर एकत्र होतं, आणि सगळ्यांदेखत बायकोचं नाव घेणाऱ्याची गडी माणसं टिंगल करत. पुढे भाऊ वेगळे राहू लागले, हसणारी माणसं म्हातारी झाली, तरी बाबांच्या तोंडात ते नाव कधी बसलं नाही. आईचं नाव वत्सला. माहेरी तिला वच्छला म्हणत, आणि ते नाव मी फक्त मामाच्याच तोंडून ऐकलेलं.

याच मामाने अकोल्याहून आम्हाला त्याचा जुना कॉम्प्युटर दिला. मी वाशीमला कॉलेजात जात होते आणि तिथे कॉम्प्युटरचा क्लासही केला होता, एवढंच निमित्त. बाबा स्वतः तो आणायला गेले. पडद्याचा तो जाडजूड डबा गोदडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि जीपच्या ड्रायव्हरला वाटभर "हळू ने रे, हळू ने," असं दटावत आणला. मधल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीशेजारी, त्याला जागा मिळाली. आईने हळदकुंकू लावलं. उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणून तिने आमरस आणि सरगुंडे केले. काडीवर वळलेले, वाळवून उकडलेले ते सरगुंडे आमच्याकडे जावयाच्या ताटात पडतात. त्या दिवशी जावई म्हणजे तो डबा. बाबा रस ओरपत त्याच्याकडे बघत म्हणाले, "हा काय काय करते?" मी म्हटलं, "सगळंच." आज मला माझ्या त्या उत्तराचं हसू येतं, पण त्या वेळी त्यांनी ते अगदी सरळ मनाने मानलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही.

खर्ऱ्याने, म्हणजे सदा तोंडात असणाऱ्या त्या तंबाखू-सुपारीने, बाबांचा घसा धरला. आधी आवाज बसला, मग गाठ लागली, मग नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आणि श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक राहील. घरी आल्यावर बाबा बराच वेळ ओट्यावर बसून होते. मग त्यांनी विचारलं, "मंग बैलं कसे हाकलू?" एवढंच. आई उठून गोठ्यात गेली आणि शेण आधीच काढलेलं असताना पुन्हा झाडू लागली.

कॉम्प्युटरसोबत मामाने एक छोटासा माइकही दिला होता. तो कशाला लागतो हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. नागपूरला निघायच्या आदल्या सकाळी मी तो जोडला आणि बाबांना त्याच्यापुढे बसवलं. आवाज अजून होता. थोडा फाटलेला, पण त्यांचाच. माइक समोर बघून ते बुजले. "काय बोलू? भाषण देऊ काय?" मी म्हटलं, "हाका मारा." मग मात्र ते मोकळे झाले. मला हाक मारली, म्हशीला मारली, बैलांना मारली. 'दादा होऽऽ' ही हाक भरून झाल्यावर मी ती परत वाजवून दाखवली. स्पीकर मोठे करून ठेवले होते. बाबा तोंड मिटून समोर बसलेले, आणि त्यांचा आवाज खोलीभर, अंगणभर! त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. "हा मी हाय?" ते हळूच म्हणाले. "मी असा बोलतो?" एवढ्यात कुंपणापलीकडून मोठेबाबांचा आवाज आला, "ओऽऽ! आलो आलो, काय झालं?" आणि ते एका पायात चप्पल अडकवून, दुसरी हातात घेऊन दारात हजर. बाबांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. मोठेबाबा त्या डब्याला वाकून वाकून बघत राहिले. माणूस इथे, आवाज तिथे! कोणी भूत बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग ते दोघे भाऊ इतके हसले की पुढचं दुखणं जणू कोणा तिसऱ्याचंच होतं.

"आता आईची," मी म्हटलं. आई दाराशी कणकेच्या हातांनी उभी होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मोठेबाबांकडे बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले. "तुमी सारे बाहेर जा," ते म्हणाले. "कोणतं बटन दाबायचं तेवढं सांगून ठेव." मी लाल ठिपका दाखवला, एका मिनिटानंतर ते आपोआप थांबतं हेही सांगितलं. दार लागलं. आम्ही अंगणात कान देऊन उभे. ज्या माणसाला जन्मात कुजबुजता आलं नाही, त्याचा एक शब्द बाहेर ऐकू आला नाही. दार उघडून आले तेव्हा घाम पुसत होते. मी त्या फाइलला 'आई' असं इंग्रजी अक्षरांत नाव दिलं. आईला म्हटलं, ऐक. ती म्हणाली, "जितं माणूस समोर बसेल हाय. त्याचं बोलणं पेटीतून कायले आयकू? आयकीन मंग कधी."

ऑपरेशन झालं, बाबा वाचले, आणि आमचं घर गप्प झालं. आवाज नसलेलं घर कसं असतं ते सांगता येणार नाही. आधी ऐकू न आलेल्या गोष्टी ऐकू येऊ लागतात. कोठीतल्या ज्वारीत फिरणारा उंदीर, रवीचं घुसळणं, आणि गळ्यावरच्या ओल्या फडक्याआडून येणारा बाबांचा श्वास. त्यांच्या खाटेपाशी पाण्याचा पितळेचा गडवा असे. काही लागलं की चमच्याने त्याच्यावर टण वाजवायचे. आई हातातलं टाकून यायची, "काय पायजे?" म्हणायची. कण्या-ताक पाहिजे, फडकं बदलायचं, उशी सरकवायची. कधी कधी टण वाजे आणि आई आल्यावर बाबा नुसतेच मान हलवत, काही नाही म्हणून. आई वैतागायची. "मंग कायले वाजवता? माह्यी भाकर जळाली ना तिकडे."

आणि हाका? त्या कॉम्प्युटरमधून चालू झाल्या. स्पीकर मी खिडकीत बाहेर तोंड करून ठेवले. चहाला मोठेबाबा हवे असले की बाबा मला खूण करत, मी माउसने दाबायची, आणि अंगणातून 'दादा होऽऽ' जायचं. पलीकडून "ओऽऽ" यायचं. आता त्यांना सगळं माहीत होतं, तरी ते ओ दिल्याशिवाय राहत नसत. म्हैस पान्हा चोरायला लागली तेव्हा आईच मला म्हणाली, "तुया बाबाची हाक लाव बरं," आणि म्हशीने निमूट दूध दिलं. गावातल्या बाया पोरं घेऊन ऐकायला येत. एक आजी तर कॉम्प्युटरला हात जोडून गेली. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटतं, तिलाच खरं कळलं होतं. एका माणसाचा गळा नागपूरला राहिला आणि आवाज रिठदला, कोठीशेजारी, एका पत्र्याच्या पेटीत सुखरूप. याहून मोठी नवलाची गोष्ट मी अजून बघितलेली नाही. 'आई' नावाची फाइल मात्र तशीच पडून होती. ती ऐकणं म्हणजे बाबांचं बोलणं संपलं हे कबूल करणं, असं आईला वाटत असावं. रोज पदराने ती तो डबा पुसायची, पण ऐकते म्हणायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पेटीतून टिक-टिक येऊ लागलं. आधी मला वाटलं पाल आहे. मग कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ घेऊ लागला, मधेच गोठू लागला. वाशीमला सलीमभाईंचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मी पेटी तशीच घरी ठेवून त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी तोंडाने टिक-टिक करून दाखवलं, "ऐसा?" मी म्हटलं, हो. "ताई, हार्डडिस्क बुढी झाली. आतलं जे कीमती हाय ते पहिले काढून घ्या. इथे जीपमधून आणू नका, धक्क्यानं असली तेवढीबी जाईन." त्यांनी एक नवी डिस्क दिली, ती पेटीत कुठे बसवायची, चपटी केबल कशी लावायची ते आपल्या दुकानातल्या पेटीवर करून दाखवलं, आणि निघताना म्हणाले, "अन् गर्मी नको. गर्मीनं डिस्क मरते." मी नवी डिस्क ओढणीत गुंडाळून, छातीशी धरून आणली. ड्रायव्हरला हळू ने म्हणायची पाळी आता माझी होती.

हे गर्मीचं मी घरी येऊन सांगितलं आणि इथेच सगळा घोळ झाला. बाबांच्या गळ्याला कोरडी झळ सोसत नसे, म्हणून त्या वर्षी आम्ही कूलर घेतला होता. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी सोसला आहे त्यांना कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. वाळ्याच्या ओल्या गवतातून वारा आला की माणूस डोळे मिटून देवाचं नाव घेतो. तो बाबांच्या खाटेकडे तोंड करून होता. सलीमभाईंचं म्हणणं ऐकून बाबा उठले, आणि त्यांनी एकट्याने तो कूलर ओढत ओढत फिरवला. तोंड कॉम्प्युटरकडे. त्याची पिन जुन्या बोर्डापर्यंत पोचेना, म्हणून कॉम्प्युटरच्याच बोर्डात लावली. आई ओरडली, "अवो, तुमाले झळ लागते ना!" बाबांनी पेटीकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, आणि पुन्हा पेटीकडे. आईने दुसरं फडकं भिजवून आणलं. पेटीचं झाकण मी उघडं ठेवलं होतं, त्यात थंड वारा घुसू लागला, आणि बाबा भिंतीला टेकून, गळ्यावर ओलं फडकं धरून आमच्याकडे बघत बसले.

नवी डिस्क जोडून मी हाकांचं फोल्डर कॉपीला लावलं. ते चित्र ज्यांनी बघितलं असेल त्यांना आठवेल, एका फोल्डरमधून कागद उडतात आणि दुसऱ्यात पडतात. कागद उडाले, उडाले आणि हवेतच थांबले. मग एक खिडकी उघडली. 'डेटा एरर', आणि पुढे सायक्लिक रिडंडन्सी चेक असं काहीतरी, जे क्लासमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने 'आई' ही फाइल सगळ्यात वर, त्यामुळे दर वेळी पहिली अडकायची ती तीच. मी बाकीच्या एकेक करून ओढून बघितल्या. म्हशीची हाक पलीकडे गेली. बैलांची अर्ध्यात तुटली. 'दादा होऽऽ' दोन दिवस चिवटपणे अडून राहिली. आणि मधून मधून ती टिक-टिक. प्रत्येक प्रयत्नाला डिस्क आणखी थोडी मरते आहे असं मला वाटायचं, आणि प्रयत्न न करावा तर उद्या ती उठेलच याची खात्री नाही. विहिरीतली बादली दोर कुजलेला असताना ओढायची तसं ते काम. केबल काढून परत बसवली. पिना फुंकल्या. नवी डिस्क दुसऱ्या खाचेत लावली. आईने दृष्ट काढली, तीही मी काढू दिली.

शेवटी मोठेबाबांच्या मोबाइलवरून सलीमभाईंना फोन लावला. रेंज फक्त छपरावर, तेव्हा मी वर चढून ओरडून बोलत होते आणि खाली अर्धी गल्ली ऐकत होती. मी विचारलं, ही फाइल सडली का? सलीमभाई म्हणाले, "ताई, आयका. डिस्क मालाचा एक-एक तुकडा पाठवते. तिकडे पोचलेला तुकडा जसाच्या तसा हाय का, ते तपासते. नसला तं परत पाठवते. लय वेळा नाही जुळला, तं थांबते. थांबली म्हणजे माल सडला असंच नाही. पण गलत माल ती देणार नाही." मी छपरावर उन्हात उभीच राहिले. बाबांच्या आवाजाचा कणकण मोजून बघणारं काहीतरी त्या पत्र्याच्या पेटीत होतं. एक कण इकडचा तिकडे झाला तर ते पुढे जाऊ देत नव्हतं. वाकडा आवाज देण्यापेक्षा ते गप्प बसत होतं. इतकी राखण माणसंही माणसांच्या शब्दाची करत नाहीत. मला त्या यंत्राचा आतापर्यंत राग येत होता, तो गेला. एकदम जपून, आदराने मी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'आई' सोडून बाकीच्या हाका लावून पुन्हा बसले. कूलर घुमत होता, कागद हवेत थांबलेले. आई कुरडया उलटायला छपरावर गेली होती. आणि लाइन गेली. लोडशेडिंगचे दिवस, त्यात नवल काहीच नाही. कूलर हुंदका देऊन थांबला. मामाच्याच कृपेने कॉम्प्युटरला एक म्हातारा यूपीएस होता; लाइन गेली की तो टीं-टीं करत थोडा वेळ तग धरायचा, तेवढ्यात कॉम्प्युटर नीट बंद करायचा असा माझा रिवाज. मी बंद करायला हात पुढे केला, आणि कागद उडू लागले. एकामागून एक, सरळ, न अडखळता. 'दादा होऽऽ' गेली. बैलांची गेली. मी माउसला हात लावायला घाबरले. यूपीएस टीं-टीं करतोय, बाबा खाटेवर उठून बसलेत, आणि ज्या लाइनच्या नावाने आख्खं गाव बोटं मोडायचं, ती आणखी थोडा वेळ येऊ नये म्हणून मी देवाला विनवते आहे! मग यूपीएस संपला आणि पडदा काळा झाला.

लाइन आल्यावर सगळं आपोआप सुरू झालं, कूलरसुद्धा. पुन्हा कॉपीला लावलं, पुन्हा अडकलं. मी बसून विचार केला. मघाशी काय वेगळं होतं? लाइन नव्हती. लाइन नव्हती म्हणून काय नव्हतं? मी उठून कूलरची पिन उपटली. कागद उडाले. पिन लावली, थांबले. परत उपटली. डिस्क म्हातारी होती, खरंच, पण अडवत ती नव्हती. एकाच बोर्डावर बसलेला कूलर, त्याची ती धडधडती मोटर, पाण्याचा पंप. वीज झटके खात होती आणि पाठवलेला तुकडा वाटेतच बिघडत होता. पुढे सलीमभाई घरी येऊन गेले तेव्हा त्यांनी केबलच्या पिनांवर ओल्या वाऱ्याने धरलेला हिरवटपणाही दाखवला आणि म्हणाले, "डिस्क बिचारी बेकसूर होती, ताई." सामान घरात शाबूत होतं, वाट खराब होती. आणि ती वाट, आपल्या वाट्याचा गार वारा सोडून, बाबांनीच जिव्हाळ्याने बिघडवून ठेवली होती. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि त्यांचे खांदे हलू लागले. आवाज नसलेला माणूस हसतो तेव्हा असाच हसतो.

आता कूलर बंद ठेवून बसायचं होतं, आणि बाहेर ऊन असं की कुत्रीही मोरीत बसलेली. मी बाबांना म्हटलं, तुम्ही निंबाखाली जा, झालं की बोलावते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आई कुरडया उलटून खाली आली होती. तिने फडकं भिजवून त्यांच्या गळ्यावर ठेवलं आणि सूप घेतलं. एक वारा बाबांना, एक वारा कॉम्प्युटरला. "याले लागते का नाही गार?" तिने विचारलं. मी म्हटलं, लागते. मग तिने कॉम्प्युटरला दोन जास्तीचे दिले. डिस्क टिक-टिक करत होती, सूप हलत होतं, बाबांचा श्वास फडक्याआडून घरघरत होता, आणि आम्ही तिघं त्या उडणाऱ्या कागदांकडे बघत होतो. सगळ्यात शेवटी मी 'आई' ओढली. एक क्षण ती अडल्यासारखी झाली. मग पलीकडे पडली.

आज ती फाइल माझ्या मोबाइलमध्ये आहे. मधल्या काळात ती किती पेट्यांतून, चकत्यांतून, पेनड्राइव्हांतून फिरली याचा हिशोब नाही. केसांत पांढरं आलं तरी माझी एक खोड गेलेली नाही. कुठेही काही कॉपीला लावलं की मी आधी उठून कूलर बंद करते. मुलगी म्हणते, आई, लॅपटॉप बॅटरीवर आहे, कूलरशी त्याचा काय संबंध? मी म्हणते, तुला नाही कळायचं, आणि तिला घाम गाळत बसवते. बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. आई त्यांच्या मागून गेली. पण मी सांगत होते ती दुपार त्यांच्या आयुष्याच्या मधोमध आहे, आणि मला ते तिथेच बसलेले दिसतात.

"झालं काय?" आईने विचारलं. मी म्हटलं, झालं. सगळ्या आल्या. तिने सूप खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "लाव आता ते. जाता जाता राह्यलं. उद्याचं कोण पाह्यलं?" बाबांनी थांबवायला हात वर केला, आणि तो तसाच खाली घेतला. त्यांचे कान त्या दिवसासारखेच लाल झाले होते. मी 'आई' लावली आणि उठायला निघाले, तर आईने माझा हात धरला.

आधी नुसती खुर्ची वाजली. मग खाकरणं. मग बाबा, अगदी जवळून, "सुरू झालं का हे?" असं स्वतःशीच. मग बराच वेळ काही नाही. आणि मग इतक्या हळू आवाजात, की तो त्यांचा आहे यावर माझा विश्वास बसेना, ते म्हणाले, "वच्छला."

आईचा हात माझ्या हातात ताठ झाला.

"वच्छला," आवाज पुन्हा आला, चव घेतल्यासारखा. "नाव घेतलं तं राग नोको करू. लोकं हासतीन म्हणून घेतलं नाही, मंग तसंच राहून गेलं. आता आवाज जाईन. मंग मी टाळी वाजवीन, नाही तं ताट वाजवीन, जे हातात येईन ते वाजवीन. काही काम नसलं तरी वाजवीन. तू समजजो का मी तुयं नाव घेऊन राह्यलो. अन् ओ देजो." इथे मिनिट संपलं आणि यंत्र आपोआप थांबलं.

गेलं वर्षभर वाजणारे ते सगळे टण माझ्या कानांत एकदम परत वाजले. काही नको असताना वाजलेलेही. आई कॉम्प्युटरकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. बाबा खाली बघत होते. मग त्यांनी हात लांबवून चमचा उचलला आणि गडव्यावर एकदाच वाजवला. टण.

आईने मान वळवली, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "ओ."